बादलीत बुडवलेला बॉल

शाळेसाठी वाळूवर खेळायचा व्हॉलीबॉल आणायचा होता आणि तो निवडायला मला जालन्याला नेलं. मी खेळाची बाई नाही. मी शाळेत खिचडी शिजवते. माझं स्वतःचं शिक्षण सहावीपर्यंत, तीही पुरी नाही. पण आमच्या या दुधना नदीकाठच्या गावात समुद्राजवळ जन्मलेलं माणूस मी आणि माझा नवरा एवढंच, आणि बॉल समुद्रावरच्या खेळाचा. तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार. तसं वाटायला कारण मीच दिलं होतं.

नवरा इथल्या कापसाच्या जिनिंगवर फिटर म्हणून लागला तेव्हा आम्ही कोकणातून आलो. नऊ वर्षं होतील. पहिला उन्हाळा मी घाबरून काढला. माती काळी, तिला हात जाईल एवढ्या भेगा. भाषा मराठीच, पण बायका भरभर बोलायला लागल्या की चार शब्दांतले दोन माझ्या हाती लागायचे. मी बोलले की त्या हसायच्या. "तुमचं बोलणं लय नाकातून येतं बाई." शेजारचं घर माळकरी. आम्ही मासे खाणारे म्हणून त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण मी आपली दार लावून सुकट भाजायची आणि मग दिवसभर वास गेला का ते हुंगत फिरायची. हापशावर नंबर लावून उभं राहिलं की कोणाशी काय बोलावं सुचायचं नाही. मग एकदा एक बाई म्हणाली, "तुमच्याकडं समुद्र हाये म्हणे. कसा असतो?" आणि सगळ्या हांडे खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागल्या.

त्या दिवशी मी इथं पहिल्यांदा मोकळं बोलले. भरती सांगितली, ओहोटी सांगितली. पाणी मागं गेलं की वाळू कशी चकाकते ते सांगितलं. सांगता सांगता थोडं जास्तीचं निघायला लागलं. आमचं घर समुद्राकडं तोंड करून होतं, हे खरं. शहरातले पाहुणे यायचे, हेही खरं, पण ते आमच्याकडं नाही, पलीकडच्या हॉटेलात. संध्याकाळी ते वाळूत जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळायचे, हे खरं. मी त्यांच्यात खेळायचे, हे खोटं.

मी आईबरोबर वाळूत सुकट पसरून तिची राखण करायचे. शाळा सोडली ती त्याच कामासाठी. त्या लोकांचा बॉल पाण्यात गेला की ते टाळी वाजवून मला बोलवायचे. मी कमरेएवढ्या पाण्यात शिरून तो आणून द्यायचे, ते बिस्किटाचा पुडा द्यायचे. बॉल माझ्या हातात असायचा तो पाण्यापासून जाळीपर्यंत. एकदा मी तो तसाच न देता दोन्ही हातांनी वर उडवून पाहिला. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "अगं, हात माशाचे आहेत तुझे." रागानं नाही म्हणाली. साधंच, पावसात छत्री घे म्हणावं तसं म्हणाली. मी पुन्हा कधी उडवला नाही.

हापशावर मात्र मी त्या बाईच्या जागी उभी राहून खेळत होते. सहावीत शाळा सोडलेल्या माणसाजवळ लोकांनी हांडे खाली ठेवून ऐकावं असं दुसरं काय असतं? आणि एकदा सांगून झालं की ते गावाचं होतं. परत घेता येत नाही.

शाळेतलं काम मला मिळालं ते खेळाच्या सरांमुळं. त्यांनीच हेडमास्तरांकडं शब्द टाकला. पुढं शनिवारी ग्रंथपेटीतलं एक पुस्तक ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायला लागले. "वाचा ताई. मोठ्यानं वाचा. चूल काय हसत न्हाई तुम्हाला." मी आज चार ओळी लिहिते त्या त्यांच्यामुळं. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे मी कोणाशी काय केलं ते कळेल.

वाळूवरच्या व्हॉलीबॉलचं पत्र शाळेत आलं तेव्हा पावसाळा संपत आला होता. एका बाजूला दोनच खेळाडू असतात, हे सरांनाही नवीन होतं. जिल्ह्यात पहिली येईल ती जोडी पुढं समुद्रावर खेळायला जाणार. शाळा समितीचे अध्यक्ष गावच्या जुन्या टीमचे खेळाडू. ते पत्र वाचून म्हणाले, "वाळूवर खेळतेत व्हय? वाळू तं भरून न्यायची असती."

सरांनी दोन पोरी निवडल्या. एक नववीतली, उंच. जाळीच्या वर तिचं कपाळ दिसायचं. दुसरी आठवीतली, डावखुरी, बुटकी पण पायात वारं भरलेली. उंच पोरीचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या साली ती वयात बसणार नव्हती. तिला बक्षिसाचं काही नव्हतं, तिला समुद्र बघायचा होता. खिचडीचं ताट घेऊन ती माझ्या चुलीशी येऊन बसायची.

"मावशी, लाट अंगावर आली की ढकलती का वढती?"

"आधी ढकलते. मग ओढते."

"म्हंजी दोन्ही बी करती."

"हो."

"मला पाह्यचंय," ती म्हणायची, आणि मी म्हणायचे, बघशील.

शाळेकडं एका चांगल्या बॉलची सोय होती. एकाच. म्हणून निवडताना चूक नको, असं म्हणून सर, अध्यक्ष आणि मी असे तिघं जीपमधून जालन्याला गेलो. तिथं मस्तगड भागात एका गल्लीच्या तोंडाशी खेळाच्या सामानाचं दुकान आहे, म्हातारे चाचा चालवतात. त्यांनी तीन बॉल समोर ठेवले. एक रबराचा, तो सरांनीच बाजूला सारला. "हा लाथा खायचा बॉल." उरले दोन. एक चकचकीत, गुळगुळीत, शिवण कुठं दिसेना, तुकडे चिकटवून केलेला. दुसरा पिवळा, टाक्यांनी शिवलेला, अंगाला जरा खरबरीत, आणि दाबला की अंगठा थोडा आत जाणारा.

मी पिवळा उचलला. उचलला आणि ओळखला. बोटं आपसूक टाक्यांवर गेली. लाटेतून काढताना ओल्या हातातून न निसटणारा, पाण्यात राहूनही जड न होणारा, तो हाच. डोळे बांधून हातात दिला असता तरी मी सांगितलं असतं.

अध्यक्षांनी तो माझ्या हातातून घेतला. आमच्या गावात मारुतीच्या पारामागं मोठी माणसं रोज व्हॉलीबॉल खेळतात, कडक रानावर, पायात बूट घालून. तिथं बॉल घ्यायची रीत माठ घ्यायची तीच. कानाजवळ धरायचा, टिचकी मारायची, टन्न वाजला तर पक्का. हवा पंक्चरवाल्याकडून भरायची आणि अंगठा आत गेला तर पुन्हा भरायची. अध्यक्षांनी पिवळ्याला टिचकी मारली.

"हा तं भोपळ्यावानी बोलून राह्यला. ढिला हाये."

मग चकचकीतला मारली. तो वाजला.

"याला म्हणतेत बॉल."

सर माझ्याकडं वळले. "आपल्या खेळाचं मला बराबर समजतं ताई. वाळूचं बिलकुल न्हाई. तुम्ही खेळलेल्या हायेत. तुम्ही सांगा." आणि त्यांनी दोन्ही खोके माझ्यापुढं धरले. खोक्यांवर सगळं इंग्रजी. मी वाचल्यासारखं करून एक खोका उलटा केला, सुलटा केला.

पिवळा म्हणाले असते तर अध्यक्षांनी विचारलं असतं, कशावरून? आणि त्याचं खरं उत्तर माझ्याकडं एकच होतं. मी असले बॉल पाण्यातून काढून द्यायचे, बिस्किटासाठी. इतकी वर्षं जपलेली ती हापशावरची बाई त्या दुकानाच्या गादीवर तिथंच संपली असती. दुसरं एखादं कारण मला जोडता आलं असतं का? आज वाटतं, आलं असतं. तेव्हा सुचलं नाही. मी चकचकीत बॉलवर हात ठेवला.

"आमच्याकडं हाच असतो," मी म्हणाले.

तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. "समुद्रावर वारा फार," मी पुढं म्हणाले. "ढिला बॉल वाऱ्यात भरकटतो. कडकच लागतो."

"बघा," अध्यक्ष सरांना म्हणाले. "पुस्तकात असतंय का हे? अनुभव लागतो."

चाचा पिवळा बॉल खोक्यात घालत होते. ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "समंदर की बाई बोल रही, तो ठीक है. दोन-चार दिवस खेळून बघा. न्हाई जमला तं कोरडा असताना वापस आणा, बदलून देतो. भिजला तं मंग माझ्या हातात न्हाई."

येताना मला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. अध्यक्ष मागं बसले. सात-आठ मैल मी समोरच्या काचेकडं बघत होते.

दुधनेच्या बंधाऱ्याखाली वाळूचा एक पट्टा उरला आहे. तिथं ट्रॅक्टर उतरत नाही म्हणून उरला आहे. तिथं दोन बांबू रोवले. जाळी माझ्या नवऱ्यानं नायलॉनच्या दोरीची विणून दिली, जाळं विणतात तशी. जाळी बांधायला आला तेव्हा त्यानं बॉल हातात घेतला, अंगठ्यानं दाबला आणि माझ्याकडं बघितलं.

"ह्यो तू निवडलंस?"

"हो."

"तू कधी गो खेळलंस?"

"हळू बोल," मी म्हणाले. तो गाठी मारायला लागला. पुढं त्यानं तो विषय काढला नाही, आणि तेही मला टोचत राहिलं.

चार वाजता शाळा सुटली की सर पोरींना नदीत न्यायचे. मुलींबरोबर बाई माणूस पाहिजे म्हणून मी काठावर बसायचे. वाळूवर बॉल टप्पा घेत नाही, तो पडू न देता हातावरच घ्यावा लागतो. तो बॉल हातावर यायचा तो धोंड्यासारखा. दोन दिवसांत पोरींच्या मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे उठले. डावखुरीचा अंगठा सुजला. मी स्वयंपाकघरात तेल-हळद गरम करून त्यांच्या हातांना लावली. माझ्या हातात त्यांचे हात, गरम, जात्यावर दळण केल्यासारखे थरथरणारे.

"आमचेच हात कच्चे हायेत मावशी," उंच पोरगी म्हणाली. "तुमचे न्हाई का दुखायचे?"

"सुरुवातीला दुखतात," मी म्हणाले. "मग सवय होते."

हे दुसरं. दुकानातलं खोटं पोरी समोर नसताना बोलले होते, हे त्यांचे हात धरून बोलले.

चाचांनी दिलेले दोन-चार दिवस मी असे काढले. सकाळी तांदूळ निवडताना ठरवायचं, आज सरांना सांगायचं. अकरा वाजता सर चव बघायला यायचे. शाळेत तशी रीत आहे, पोरांना वाढायच्या आधी कोणीतरी शिक्षकानं चव घेऊन रजिस्टरात सही करायची. ते म्हणायचे, "मीठ बराबर," आणि सही करायचे. मी पदर खोचत राहायचे. काम जाईल अशी भीती नव्हती. सर मला ताई म्हणतात, त्यातला तो सूर जाईल, याची होती.

चौथ्या दिवशी बॉल बंधाऱ्याच्या डबक्यात पडला. उंच पोरगी धावत गेली, गुडघाभर पाण्यातून तो काढून आणला आणि ओढणीनं पुसला. मी बसल्या जागेवरून बघत होते. ती मला म्हणाली, "मावशी, जड झालाय."

"वाळेल," मी म्हणाले.

नंतर तो सांध्याला थोडा सुटला. सरांनी पंक्चरवाल्याकडून चिकटवून आणला, वर गच्च हवा भरून. "ताईंनी सांगितलंय, कडक लागतो," म्हणाले. दिवाळी गेली, थंडी पडली. पोरींचे हात निबर झाले. त्यांना त्या बॉलची सवय झाली. नुसता हात लावला की तो उडायचा, म्हणून त्या हात हलका ठेवायला शिकल्या. सर खूश होते. मी काठावर बसून जे बघत होते ते त्यांना दिसत नव्हतं. त्या आमच्या वाळूवर छान खेळायच्या, पण समुद्रावरचे लोक खेळायचे तसं ते मुळीच नव्हतं.

जिल्ह्याची निवड जालन्याला झाली. मैदानाच्या एका कोपऱ्यात वाळू ओतली होती, चारी बाजूंनी दोरी. तिथल्या पंचांनी पिशवीतून बॉल काढला. पिवळा, टाक्यांचा. मी दोरीबाहेर पाण्याची कॅन घेऊन उभी होते.

डावखुरीनं तो हातात घेतला, दाबला आणि सरांना म्हणाली, "सर, हा ढिला हाये."

सर पंचांकडं गेले. "हवा भरायची राह्यली वाटतं साहेब."

"भरलीय," पंच म्हणाले. "वाळूवरचा बॉल असाच असतो सर. मऊ."

सरांनी लगेच मागं वळून बघितलं नाही. थोडं थांबून बघितलं. मी कॅनचं झाकण घट्ट करत होते, ते आधीच घट्ट होतं.

पोरी हरल्या, पहिल्याच सामन्यात. हरण्याचं मी काय सांगू. त्यांचे हात हलके पडत होते आणि हा बॉल ढकलावा लागत होता. उंच पोरीनं उचललेला बॉल जाळीपर्यंत जायचा आणि अलीकडंच पडायचा. एकदा, दोनदा, दहादा. प्रत्येक वेळी ती आपल्या हातांकडं बघायची. दुसऱ्या गेममध्ये त्यांना तो बॉल थोडा समजायला लागला होता, पण तोवर गुण संपले.

जीपमध्ये अध्यक्ष म्हणाले, "चाचानं फसवलं आपल्याला. धंदा करून राह्यला तो तीस वर्षं, त्याला माहीत नसंल का? आता त्या दुकानात पाय ठेवायचा न्हाई. अन् मी गावात बी सांगतो."

"सांगायला पाह्यजे होतं त्यानं," सर म्हणाले. मग जरा वेळानं, "ताईंच्या वेळंला कडक असतील. बदलतं सगळं."

ते माझ्यासाठी कारण शोधत होते. मी मागच्या सीटवर दोन पोरींच्या मधे बसले होते. उंच पोरीनं मैदानातली मूठभर वाळू रुमालात बांधून घेतली होती. ती म्हणाली, "मावशी, ही वाळू कुठली हाये माहिती का? त्या माणसाला विचारलं मी. दुधनेचीच हाये म्हणे. आपलीच."

मी हसले. हसू नये अशा वेळी हसले.

घरी जाऊन मी नवऱ्याला म्हणाले, आळ चाचांवर आला. तो जेवत होता. म्हणाला, "मग तू काढ." एवढंच.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर चव बघायला आले. मी वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "सर, चाचांची चूक नाही. पिवळा बॉल खरा होता, मला दुकानातच कळलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. सुकट, टाळी, बिस्किटाचा पुडा, सगळं. सांगताना मी भातवाढी पुसत होते, त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही खेळलेल्या न्हाईत."

"नाही."

"दोन महिने पोरी त्या बॉलवर मरत होत्या, ताई. अन् तुम्ही रोज तिथं बसायच्या."

"हो."

त्यांनी चव घेतली, सही केली आणि गेले. मीठ बराबर म्हणाले नाहीत. पुढं आठ-दहा दिवस ते यायचे, घास घ्यायचे, सही करायचे. एक शब्द नाही. पण शनिवारी खिडकीत पुस्तक होतं. मी ते उचललं नाही तेव्हा सोमवारीही ते तिथंच होतं, वर पाखरं बसू नयेत म्हणून झाकण ठेवलेलं. झाकण माझ्याच डब्याचं होतं. मग मी ते आत घेतलं.

पोरींना मी स्वतः सांगितलं. सरांनी तो भार माझ्यावरच ठेवला आणि बरोबर केलं. डावखुरीनं ऐकून घेतलं, आपला अंगठा माझ्यासमोर धरला आणि गेली. महिनाभर ती माझ्या हातून वाढून घेत नव्हती, दुसऱ्या मावशींच्या रांगेत जायची. उंच पोरगी बसून राहिली.

"मंग तुम्ही खेळल्याच न्हाईत?"

"नाही."

"पाण्यात तरी गेल्त्या का?"

"पाण्यात रोज जायचे."

"लाट ढकलती अन् वढती, ते?"

"ते खरं."

"बरं," ती म्हणाली. घंटा झाली होती, ती वर्गात गेली.

अध्यक्षांपर्यंत मात्र मी गेले नाही. धीर झाला नाही. मधल्या काळात गावातली दोन-तीन पोरं कॅरमच्या सोंगट्या घ्यायला दुसऱ्या दुकानात गेल्याचं माझ्या कानावर आलं. मी ऐकून पाण्याला गेले.

नवीन वर्ष सुरू झालं आणि जुलैत सर स्वयंपाकघराच्या दारात आले. "जालन्याला जायचंय, बॉल आणायला. तुम्ही चला."

"मी नको सर."

"मंग कोण? अध्यक्ष? माठ वाजवून आणतेल ते."

तो त्यांचा सात महिन्यांतला पहिला विनोद. मी हात धुतले.

या वेळी पोरीही होत्या. डावखुरीला नवीन जोडीदार मिळायचा होता. उंच पोरगी आता दहावीत, तिचा खेळण्याशी संबंध संपला होता, तरी ती जीपमध्ये येऊन बसली आणि कोणी तिला उतर म्हणालं नाही. अध्यक्ष चाचांच्या दुकानाच्या पायरीवर थांबले. आत यायला तयार नव्हते. सरांनी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं.

चाचांनी मला ओळखलं. न विचारता तेच दोन प्रकार पुढं ठेवले.

"चाचा, एक बादली पाणी मिळेल का?" मी म्हणाले.

"भिजवला तं घ्यावा लागंल बाई."

"घ्यायचाच आहे."

त्यांनी मागून बादली आणली. मी पिवळा बॉल पाण्यात दाबून धरला. तो वर येऊ बघत होता, मी धरून ठेवला. मनात शंभर मोजले. मग काढला, एकदा झटकला आणि डावखुरीच्या हातात दिला. तिनं तो वरखाली केला.

"जड न्हाई झाला."

"टाके बघ. पाणी आत जात नाही. आणि अंगठा आत जातो का बघ, थोडासा. तेवढा गेलाच पाहिजे, म्हणजे हाताला लागत नाही आणि वाऱ्यात हळू येतो. फार गेला तर हवा कमी." मग मी पायरीकडं वळले. मला ते बोलायचं होतं तेव्हा माझा आवाज अगदी नाकातून आला, हापशावरच्या पहिल्या दिवसासारखा. "अध्यक्ष, मागच्या सालीच मला हे माहीत होतं. चाचांनी फसवलं नाही. मी कधी बॉल खेळलेली नाही. खेळणाऱ्यांचे बॉल पाण्यातून काढून द्यायचे. खोटं मी बोलले."

अध्यक्षांनी पायरीवर चपला काढल्या. मग आत येऊन गादीच्या कडेला बसले. "म्हंजी सालभर मी या माणसाला फुकट शिव्या घालून राह्यलो."

"मी घालायला लावल्या."

मी चाचांना हात जोडले. ते बादली उचलत होते. "हाथ मत जोडो बेटी," ते म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी पिवळा सोडत नव्हत्या. मी पाह्यलं होतं. मलाही बोलता आलं असतं. पण तुम्ही बोलला, समंदर के हैं. मी काय जालन्याच्या बाहेर गेलेला माणूस हाये का?"

हे ऐकून मला आणखीच लाज वाटली. माझ्या एका वाक्यानं तीस वर्षं बॉल विकणारा माणूस गप्प बसला होता.

येताना मी मागं बसले. बॉल उंच पोरीनं मागून घेतला आणि मांडीवर ठेवला. तो अजून ओला होता, तिच्या ड्रेसवर गोल डाग पडला. ती गाव येईपर्यंत बोटानं एकेक टाका मोजत होती, जिथं चुकायची तिथून परत सुरू करायची. डावखुरी पुढं सरांशी नवीन जोडीदाराबद्दल बोलत होती. त्या दिवशी उंच पोरीनं मला समुद्राबद्दल काहीच विचारलं नाही.